तंबूंत राहून पाहावयाचें बंदर : मार्सेल

बंदराचें शहर कसें पाहावें, हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकांत सहसा विचारलेला नसतो. तेथें बंदराचें नांव, त्याचें स्थान, आयात आणि निर्यात इतकें दिलेलें असतें. विद्यार्थी तें पाठ करतो आणि परीक्षा संपतांच विसरतो. त्यांत त्याचा दोष थोडा. बंदर ही वस्तूच अशी आहे कीं, ती चालून, थकून आणि एक दिवस सोडून पुन्हां जाऊन समजते. प्रस्तुत लेखासाठीं भूमध्य समुद्राच्या कांठचें एक फार प्राचीन बंदर, फ्रान्स देशांतील मार्सेल, हें घेतलें आहे. आणि तें पाहण्याची जी एक साधी रीत युरोपांतील कुटुंबें पाळतात, तीहि सांगितली आहे.

रीत अशी. शहरांत हॉटेलांत न उतरतां, तासाभराच्या अंतरावर समुद्राकांठीं तंबूंची छावणी असते तेथें आठ-दहा दिवस मुक्काम करावयाचा आणि त्यांतले तीन-चार दिवस शहरांत जाऊन यावयाचें. सकाळीं निघावें, दिवेलागणीस परत यावें, आणि मधल्या दिवशीं मुलांना मनसोक्त पोहूं द्यावें. हॉलंड, जर्मनी, इंग्लंड या देशांतून अशीं असंख्य कुटुंबें दरसाल उन्हाळ्यांत दक्षिणेकडे उतरतात. त्या देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाहि ही रीत सोयीची आहे. खर्च कमी येतो, ही गोष्ट खरी. परंतु मला तिचा मोठा गुण दुसराच वाटतो. शहरांत राहणारा प्रवासी सकाळपासून रात्रीपर्यंत शहरच पाहतो आणि तिसऱ्या दिवशीं त्याला कांहीं दिसेनासें होतें. छावणींतल्या कुटुंबाला मात्र पाहिलेलें पचविण्यास मधला दिवस मिळतो.

मार्सेलच्या पश्चिमेस मार्तीग गांवाच्या हद्दींत ला कुरॉन नांवाचें खडकाळ भूशिर आहे. त्याच्या आसपास समुद्राला लागून अशा अनेक छावण्या आहेत. पाइन वृक्षांची विरळ सावली, पांढरट-गुलाबी खडक आणि खालीं निळें पाणी. कोंकणांतल्या मुलास येथें पहिल्याच संध्याकाळीं एक गोष्ट चमत्कारिक वाटेल. ओहोटी होत नाहीं! मुंबईस भरती-ओहोटींतील अंतर उधाणाच्या दिवशीं चार-पांच मीटरांपर्यंत जातें. येथें तें जेमतेम वीतभर असतें. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीनेंच काय तो महासागरास जोडलेला असल्यामुळें महासागराची भरती त्यांत शिरूं शकत नाहीं. मुलांनीं खडकावर खडूनें एक रेघ ओढून ठेवावी आणि शांत हवेच्या दिवशीं दर तीन तासांनीं पाहावी. हाच प्रयोग मार्सेल शहरांत शास्त्रीय पद्धतीनें चालूं आहे. तेथील समुद्रपातळी-मापक यंत्र १८८५ सालापासून नोंदी ठेवीत आहे. फ्रान्सांतील पर्वतांची उंची ज्या शून्यापासून मोजतात, तें शून्य याच यंत्राच्या १८८५ ते १८९७ च्या नोंदींवरून ठरविलें गेलें. त्यानंतर समुद्र पंधरा सेंटिमीटरांहून अधिक चढला आहे, हेंहि त्याच यंत्रानें दाखविलें.

छावणींतील दुसरा धडा वाऱ्याचा. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून उत्तरेकडून जो थंड, कोरडा वारा सुटतो, त्यास मिस्त्राल म्हणतात. तो सुटला म्हणजे तंबूचे खुंटे दगडानें पुन्हां ठोकावे लागतात आणि आकाश इतकें स्वच्छ होतें कीं दूरचे डोंगर हाताशीं आल्यासारखे दिसतात. मुलांना हा वारा आवडतो. आयांना आवडत नाहीं. त्या दिवशीं उघड्यावर विस्तव पेटविण्याचा विचारहि करूं नये. या प्रांतांत उन्हाळ्यांत रानाजवळ आग लावण्यास सक्त मनाई असते, आणि वणव्यानें डोंगरच्या डोंगर जळालेले पाहिले म्हणजे त्या नियमाचा कोणास राग येत नाहीं.

आतां शहराकडे वळूं. ला कुरॉनहून मार्सेलला मोटारीनें जातां येतें. परंतु शहरांत मोटार ठेवण्यास जागा शोधतां शोधतां वडील मंडळींची प्रसन्नता संपून जाते. त्यापेक्षां आगगाडी बरी. १९१५ सालीं सुरू झालेला हा लोहमार्ग समुद्राच्या कड्यांवरून, बोगद्यांतून आणि कमानींच्या पुलांवरून जातो. मार्सेलकडे जातांना उजव्या हाताच्या खिडक्या धराव्या, म्हणजे समुद्र दिसतो. दुरुस्तीसाठीं हा मार्ग कधीं कधीं बंद ठेवितात, म्हणून आदल्या दिवशीं चौकशी करावी. वाटेंत लेस्ताक हें गांव लागतें. चित्रकार सेझान यानें येथूनच मार्सेलचा उपसागर पुनःपुन्हां रंगविला. त्या वळणावर सगळें शहर, त्याचे धक्के आणि टेकडीवरचें मंदिर एकदम पुढें येतें. नकाशा आधीं पाहिलेला असेल तर मुलें स्वतःच नांवें ओळखूं लागतात.

गाडी सँ शार्ल स्थानकांत थांबते. स्थानक उंचावर आहे आणि त्यापुढें १०४ पायऱ्यांचा भव्य जिना शहरांत उतरतो. हा जिना १९२७ सालीं समारंभानें खुला झाला. त्याच्या पायथ्याशीं दोन पहुडलेल्या स्त्रियांच्या मूर्ति आहेत. एक आशियांतील वसाहतींची, दुसरी आफ्रिकेंतील वसाहतींची. त्या काळीं हें शहर स्वतःला काय समजत होतें, हें या दोन दगडांवरून कळतें. आम्हां आशियांतील लोकांनीं त्यांच्यापाशीं क्षणभर थांबावें.

तेथून उतारानें चालत पाव तासांत कानबिएर या राजरस्त्यावरून जुन्या बंदरापाशीं येतां येतें. पहिल्या दिवशीं याहून फार पुढें जाऊं नये, असें माझें मत आहे. सकाळीं तेथें कोळी होड्यांतून आणलेले मासे धक्क्यावर विकतात. त्यांच्यामागें २०१३ सालीं उभारलेलें आरशासारख्या पोलादाचें एक विस्तीर्ण छत आहे. वर पाहिलें कीं आपणच उलटे चालतांना दिसतों. लहान मुलें येथून हलत नाहींत, आणि त्यांना हलवूंहि नये. बंदराच्या एका कांठावरून दुसऱ्या कांठास एक चिमुकली नाव प्रवाशांची ने-आण करते; अंतर तीनशें मीटरांहूनहि कमी. या फेरींत बंदराचा आकार जसा कळतो तसा कोणत्याहि पुस्तकावरून कळणार नाहीं. जमिनींत शिरलेली लांबट खाडी, आणि तिच्या तोंडाशीं दोन किल्ले. एक सँ झां, दुसरा सँ निकोला. दुसरा किल्ला चौदाव्या लुईनें १६६० नंतर बांधविला. मुलांस विचारावें : त्याच्या तोफा कोणाकडे रोखलेल्या होत्या? बहुतेक मुलें समुद्राकडे बोट दाखवितील. वास्तविक त्या शहरावर रोखलेल्या होत्या. मार्सेलकरांनीं राजाविरुद्ध डोकें वर काढलें होतें, आणि राजाला परक्या आरमारापेक्षां आपल्या प्रजेची चिंता अधिक होती.

एवढी मोठी ऱ्होन नदी जवळच समुद्रास मिळत असतां बंदर नदीच्या मुखाशीं कां झालें नाहीं? उत्तर सोपें पण महत्त्वाचें आहे. नदी गाळ आणते, आणि किनाऱ्याचा प्रवाह तो गाळ पश्चिमेकडे वाहून नेतो. मार्सेल पूर्वेस असल्यामुळें त्याची खाडी गाळानें भरून गेली नाहीं. आशिया मायनरमधील फोकिया या ग्रीक नगराच्या खलाशांनीं इ. स. पूर्वीं ६०० च्या सुमारास हें ओळखून येथें मस्सालिया नांवाची वसाहत केली. १९६७ सालीं बाजाराच्या इमारतीसाठीं पाया खणतांना ग्रीक काळचा तट आणि बंदराचा जुना कांठ सांपडला. आज तेथें बाग आहे आणि शेजारीं शहराच्या इतिहासाचें संग्रहालय. तटाचे दगड नीट पाहावे. ते गुलाबी छटेचे आहेत, कारण ते ला कुरॉनच्या खाणींतून जलमार्गानें आणलेले आहेत. ज्या खडकावर आपला तंबू उभा आहे त्याच खडकाची ती भिंत! छावणीच्या बाजूस किनाऱ्यावर कोठें कोठें खडकांत चौकोनी खांचा दिसतात, त्यांचा अर्थ मुलांना तेव्हां उमगतो. संग्रहालयांत १९७४ सालीं चिखलांत सांपडलेलें एक रोमन व्यापारी जहाजहि जतन करून ठेविलें आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती सांगण्यापूर्वीं आईबापांनीं मुलांचें वय पाहावें. परंतु दहा वर्षांवरील मुलापासून ती लपवूं नये. २५ मे १७२० रोजीं सिरियाच्या किनाऱ्याहून ‘ग्राँ सँ आंत्वान’ नांवाचें जहाज मार्सेलला आलें. त्यांत रेशीम व कापसाचा मौल्यवान माल होता. वाटेंत जहाजावरचीं कांहीं माणसें मेलीं होतीं, त्यांत जहाजाचा वैद्यहि होता. मार्सेलमध्यें अशा जहाजांसाठीं कडक नियम होते. संशयित जहाजानें दूर बेटापाशीं थांबावें, माल उघड्या हवेंत ठेवावा, माणसांना शहरांत येऊं देऊं नये. नियम उत्तम होते, कारण पूर्वीच्या सांथींनीं शहर शहाणें झालें होतें. पण बोकेर येथील जत्रा जवळ आली होती, माल तेथें विकला जावयाचा होता, आणि त्या मालांत नगराच्या पहिल्या कारभाऱ्याचाच हिस्सा होता. माल बेटाकडे न जातां शहराजवळच्या आरोग्यगृहांत उतरविण्यांत आला. तेथून कापडाचे तुकडे चोरून बाहेर गेले. दोन वर्षांत मार्सेलच्या सुमारें नव्वद हजार वस्तींपैकीं चाळीस हजारांच्या आसपास माणसें प्लेगनें मेलीं.

मुंबईस १८९६ सालीं आणि त्यानंतर पुण्यास प्लेगनें काय केलें, हें ज्यांनीं आपल्या आजी-पणजीच्या तोंडून ऐकलें असेल त्यांस यावर भाष्य नको. पण एक लक्षांत घ्यावें. येथें अज्ञान हें कारण नव्हतें. काय करावें हें लिहून ठेवलेलें होतें; फक्त या एका जहाजापुरता अपवाद करावा असें कोणास तरी वाटलें. सांथीच्या काळीं बिशप बेल्झ्यांस शहर सोडून गेला नाहीं. त्याचा पुतळा मोठ्या देवळापुढें उभा आहे. शूर अधिकारी रोझ यानें समुद्राकांठच्या मैदानांत कुजत पडलेलीं शेंकडों प्रेतें एका दिवसांत काढविलीं, त्याचेंहि स्मारक आहे. प्रेतें प्रत्यक्ष उचलणारे मात्र वल्हीं मारण्याची शिक्षा झालेले कैदी होते, आणि त्यांतले फार थोडे जिवंत राहिले. त्यांचीं नांवें मुलांनीं शोधूं नयेत. तीं कोठें कोरलेलीं नाहींत.

जहाजाचा कप्तान शातो या आडनांवाचा होता. त्याला ज्या बेटावरील किल्ल्यांत कैदेंत ठेविलें, तो शातो दीफ जुन्या बंदरांतून होडीनें पाहावयास जातां येतो. (‘शातो’ म्हणजे किल्ला किंवा वाडा, कप्तानाच्या आडनांवाशीं त्याचा संबंध नाहीं, उच्चार तेवढा सारखा.) हा किल्ला पहिल्या फ्रान्सिस राजाच्या वेळीं, सोळाव्या शतकांत, बांधला गेला. अलेक्झांडर द्युमा याच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीचा नायक येथूनच पळून जातो. तेथें आज त्या कल्पित कैद्याची कोठडी दाखवितात आणि लोक ती भक्तिभावानें पाहतात. खऱ्या कप्तानाची फारसा कोणी चौकशी करीत नाहीं. वारा जोराचा असेल तर होडी बेटास लागत नाहीं, म्हणून ही सहल शांत दिवशीं ठेवावी.

शहराचें शिखर म्हणजे नोत्र दाम द ला गार्द हें टेकडीवरील मंदिर. टेकडी सुमारें दीडशें मीटर उंच. मंदिराची प्रतिष्ठा १८६४ सालची. वर अकरा मीटरांहून उंच अशी सोन्याच्या मुलाम्याची मरीयेची मूर्ति. आंत छतापासून लहान लहान जहाजांच्या प्रतिकृति टांगलेल्या आहेत. वादळांतून वांचलेल्या खलाशांनीं आणि त्यांच्या घरच्यांनीं त्या वाहिल्या. भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर बहुधा ‘आभार’ एवढाच शब्द आणि एक तारीख असते. आमच्या प्रॉटेस्टंट वळणाच्या मनाला असे नवस परके वाटतात. परंतु ज्या घरांतला माणूस समुद्रावर आहे त्या घरास या पाट्यांचा अर्थ सांगावा लागत नाहीं, मग तें घर मार्सेलचें असो कीं वेंगुर्ल्याचें. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईंतील गोळ्यांचे व्रण अद्यापि आहेत.

वरून पाहतां उत्तरेचा कांठ दाखवून मुलांना विचारावें कीं, जुन्या बंदरालगतचीं घरें इतकीं नवीं कां दिसतात. जानेवारी १९४३ मध्यें जर्मन सैन्यानें फ्रेंच पोलिसांच्या मदतीनें हा भाग वेढला, वीस हजारांहून अधिक रहिवाशांना बाहेर काढलें, आणि १ फेब्रुवारीपासून सुमारें दीड हजार इमारती सुरुंगानें उडविल्या. धरपकडींत सोळाशेंहून अधिक माणसें पकडून नेलीं. त्यांत जवळ जवळ निम्मे यहुदी होते. नगरभवन वांचलें. त्याच्यामागें टेकडीवर ल पानिए ही जुनी वस्ती शिल्लक आहे. तेथील अरुंद बोळांतून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून एक तास भटकणें हें पुष्कळ राजवाडे पाहण्याहून बरें.

पाण्याविषयीं थोडें. उन्हाळ्यांत छावणींतल्या नळापुढें बादली घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला पाण्याची किंमत कळते. १८३४-३५ च्या कॉलऱ्यानंतर मार्सेलनें द्युराँस नदीचें पाणी कालव्यानें आणण्याचें ठरविलें. दहा वर्षांच्या श्रमानंतर १८४९ सालीं तें शहरांत पोंचलें. त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ १८६९ सालीं लाँशां प्रासाद उभारला. प्रासाद म्हणावयाचा, पण त्याचा राजा म्हणजे मधला धबधबा! पाणी आलें म्हणून एवढें मोठें मंदिरवजा शिल्प बांधणारें शहर मला फार आवडतें.

जेवणाविषयीं आयांना एक सूचना. मार्सेलचें प्रसिद्ध माशांचें कालवण, बुइयाबेस, महाग असतें आणि लहान मुलें त्यांतले कांटे पाहून रडतात. त्याऐवजीं पानिस घ्यावी. हरभऱ्याचें पीठ पाण्यांत शिजवून, घट्ट करून, थंड झाल्यावर कापून तळतात. ती आपल्या पाटवडीची सख्खी बहीण आहे. गोडासाठीं संत्र्याच्या फुलांच्या अर्कानें सुवासिक केलेलीं, होडीच्या आकाराचीं नाव्हेत नांवाचीं बिस्किटें मिळतात. या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन ‘नाव्हिस’ आहे, आणि आपली संस्कृत ‘नौ’ त्याच कुळांतली. म्हणजे बिस्किटाचें नांवहि आपल्या ‘नावे’च्या नात्यांतलें निघालें.

मराठी वाचकास मार्सेलचें नांव दुसऱ्या कारणानें परिचित आहे. १८६९ सालीं सुएझचा कालवा सुरू झाल्यानंतर मुंबईहून निघालेले पुष्कळ प्रवासी येथें उतरून आगगाडीनें कॅलेस जात. त्यामुळें बिस्केच्या उपसागरांतील हाल टळत आणि कांहीं दिवस वांचत. ८ जुलै १९१० रोजीं नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या खिडकींतून निसटून या बंदरांत पोहत धक्क्याला लागले. तेथें ते पकडले जाऊन पुन्हां बोटीवर पाठविले गेले. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असें परत देतां येतें काय, हा वाद हेगच्या लवाद-न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्यें निकाल इंग्लंडच्या बाजूनें लागला. ११ सप्टेंबर १९३१ रोजीं गोलमेज परिषदेस जातांना महात्मा गांधीहि येथेंच उतरले.

परंतु सर्वांत मोठ्या संख्येनें आपले लोक येथें आले ते १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत. मुंबई व कराचीहून निघालेल्या हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन मार्सेलला उतरल्या. त्यांत खडकीचें ठाणें असलेल्या सॅपर्स-मायनर्सच्या तुकड्याहि होत्या. शहरांतील बोरेली बागेच्या मैदानावर त्यांचे तंबू पडले. मार्सेलच्या बाया-मुलांनीं त्यांस फुलें दिलीं. सुती कपड्यांतले ते लोक थोड्याच आठवड्यांत उत्तरेच्या चिखलांत लढत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूव्ह शापेल येथें त्यांतले पुष्कळ पडले. आज त्याच बागेंत मुलें खेळतात. तेथून फार दूर नाहीं अशा माझार्ग येथील सैनिकी दफनभूमींत हिंदी सैनिकांचें स्मारक आहे, त्याचें उद्घाटन १९२५ सालीं झालें. फेब्रुवारी २०२५ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें जाऊन पुष्पचक्र वाहिलें. मुलांनीं तेथें सावकाश फिरावें आणि भिंतीवरचीं नांवें मोठ्यानें वाचावीं. हीं मात्र कोरलेलीं आहेत.

एवढें पाहून झाल्यावर हुशार मूल विचारील : बंदर पाहिलें खरें, पण मोठीं मालाचीं जहाजें कोठें आहेत? प्रश्न अगदीं बरोबर आहे. जुन्या खाडीत आतां शिडाच्या हौशी होड्या असतात. आगबोटींना ती उथळ पडूं लागली तेव्हां, १८४४ नंतर, उत्तरेस ला जोलिएत येथें नवे धक्के बांधले. तेथून आज कॉर्सिका आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यास जाणाऱ्या बोटी सुटतात. पुढें तेलाचीं अवाढव्य जहाजें आलीं, त्यांना तेंहि पुरेना. म्हणून १९६० नंतरच्या काळांत पश्चिमेस फॉसच्या आखातांत खोल पाण्याचें नवें बंदर उभें राहिलें. हें आखात छावणीच्या पलीकडेच आहे. तेव्हां शेवटच्या संध्याकाळीं शहरांत जाऊं नये. भूशिराच्या पश्चिमेच्या खडकावर बसावें, नकाशा उघडावा आणि आखाताबाहेर नांगरून पाळीची वाट पाहणारीं जहाजें मोजावीं. अंधार पडूं लागला कीं त्यांचे दिवे एकामागून एक लागतात, आणि कोणतें हललें तें दिव्यावरूनच ओळखावें लागतें.